दोन नद्या, दोन परसबागा

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले, की आमच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, "शिरूरला मेथी टाकली का?" टाकली म्हणजे पेरली, बरं का! प्रश्न आमच्या यांचा आणि उत्तर फोनवरून सासूबाईंचं. त्यांची मेथी पडली, की आठ दिवसांच्या आत मी दौंडला माझी टाकायची, हा गेल्या बारा वर्षांचा रिवाज आहे.

सासर शिरूरचं. जुनी माणसं त्याला अजून घोडनदीच म्हणतात. नदीचंच नाव गावाला. आमचं बिऱ्हाड मात्र यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे दौंडला, भीमेच्या काठी. दौंड म्हटलं की तुम्हांला जंक्शन आठवणार. खरंच आहे ते. मनमाडकडचा फाटा १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून हे गाव गाड्यांच्या वेळेवरच उठतं नि झोपतं. पण क्वार्टरमागच्या खाटेएवढ्या चार वाफ्यांमध्ये डिसेंबर-जानेवारीत काय काय येतं, ते पाहायला कधीतरी याच.

शिरूरला जायचं तर मी केडगावपर्यंत रेल्वेनं जाते आणि चौफुल्यावर एस.टी. पकडते. हा रस्ता हिवाळ्यातच करावा. आधी दोहों बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा वास. पारगावजवळ भीमेवरचा पूल लागतो. न्हावरे मागं पडलं की हळूहळू ऊस विरळ होतो, ज्वारीची शेतं येतात, मग मोकळा माळ आणि कापणारा वारा. माती काळ्याची तांबूस-करडी कधी झाली, ते नेमकं सांगता येत नाही.

केडगावला उतरले, की मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुलींना आणि बायकांना त्यांनी इथंच आसरा दिला. मुक्ती सदनात त्यांनी नुसती शाळा चालवली नाही. विहिरी खणल्या, शेती केली, बायकांना शेतात कामाला लावलं. पावसानं पाठ फिरवलेल्या या मुलखात शेकडो तोंडं खाऊ घालायची म्हणजे काय, याचा विचार करत मी चौफुल्यापर्यंत येते. माझे चार वाफे मग फारच लहान वाटतात.

आता बागेकडे वळते. थंड देशांत हिवाळ्यात भाजी पिकवायला काचघरं तापवतात. आपल्याला त्याची गरज काय? तरी शिरूरकडे कडाक्याच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. ढग नसतात, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभराची ऊब रात्री सरळ आभाळात निघून जाते. मेथी, पालक, चाकवत, लसूण, वाटाणा यांना ही थंडी मानवते. हाल होतात ते टोमॅटो, मिरची आणि वांग्याचे. रात्रीचा पारा बारा-तेराच्या खाली गेला, की टोमॅटोचं फूल धरत नाही, गळून पडतं.

सासूबाईंनी यावर उपाय केला तो भिंतीचा. त्यांच्या घराची मागची दगडी भिंत दक्षिणेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येतच नाही, दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे ती भिंत दिवसभर तापते. संध्याकाळी सात वाजता हात लावा, कोमट लागते! टोमॅटो-मिरच्या त्या भिंतीच्या पायथ्याशी आणि थंडी सोसणाऱ्या भाज्या मोकळ्यावर. उत्तरेला घराची सावली, तिथं धुण्याचा दगड.

हीच युक्ती लेहला करतात, हे मी वाचलं तेव्हा सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. तिथं हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत जातो. तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेकडून प्लॅस्टिकचा कागद. भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री परत देते. शेगडी न पेटवता आत पालेभाजी हिरवी राहते. सासूबाई म्हणाल्या, "मग? भिंत काय फक्त चोरांसाठी असते का?"

रोपं लहान असली तर कडक थंडीच्या रात्री टोपली उपडी घालावी किंवा जुन्या लुगड्याचा तुकडा काठ्यांवर ताणून टाकावा. सकाळी ऊन आलं की मात्र लगेच काढा, नाहीतर रोपं पिवळी, लांबोडी होतात. आणखी एक. थंडीची लाट आली, की दुपारनंतर बुंध्याशी थोडं पाणी द्यावं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त ऊब धरते. पानांवर मात्र शिंपडू नका. रात्रभर पानं ओली राहिली की रोगाला आमंत्रण.

धने पेरण्याआधी रगडून दोन डाळी कराव्या आणि रात्रभर भिजवाव्या. एरवी थंडीत कोथिंबीर उगवायला इतका वेळ लावते, की आपण कंटाळून वाफा पुन्हा उकरतो. (मी उकरला आहे.)

पण खरी अडचण थंडीची नाही, पाण्याची. २०१८ साली सरकारनं दुष्काळी तालुके जाहीर केले, त्यांत शिरूर आणि दौंड दोन्ही होते. पुन्हा २०२३मध्येही दोन्ही होतेच. २०१८च्या हिवाळ्यात शिरूरच्या आमच्या बोअरला जेमतेम अर्धा तास पाणी येई. सासरे म्हणाले, "यंदा बाग बंद. भाजी विकत आणू." सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर त्या फ्लॉवरची आणि टोमॅटोची रोपं स्वतःच्या हातानं उपटत होत्या. मला तर रडूच आलं. भिंतीशी लावलेली, टोपल्या घालून वाढवलेली रोपं ती!

त्या म्हणाल्या, "हे तीन-चार महिने पाणी पिणार. मेथी महिन्यात ताटात येते." त्यांचा हिशेब साधा होता. घागरीमागं किती भाजी, तो. मेथी तीस दिवसांची, पालक चाळीसच्या आत आणि पुन्हा पुन्हा कापता येतो, मुळा पंचेचाळीस. लसणाची पात तर महिन्याभरात खुडायला येते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी आणि भांडी विसळल्याचं दुसरं पाणी एका बादलीत साठवायचं आणि ते पालेभाजीला. साबणाचं पाणी शेवग्याच्या झाडाला. एकुलत्या एका वांग्याच्या झाडाशेजारी त्यांनी मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरला आणि वर झाकण ठेवलं. चार-पाच दिवसांनी एकदा भरायचा. पाणी झिरपत मुळाशी जातं, उन्हात उडत नाही. पाझर बंद झालेला जुना माठ मात्र यासाठी उपयोगाचा नाही.

जानेवारीत पहिली मेथी निघाली. डाळ घालून केलेली ती भाजी सासऱ्यांनी ताटात दुसऱ्यांदा घेतली. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी बादली मात्र त्यांनी उचलून वाफ्यापर्यंत नेली.

हे सगळं पाहून मी दौंडला तसंच्या तसं करायला गेले आणि आपटले. शिरूरच्या मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही, म्हणून सासूबाई रोज थोडंथोडं देतात आणि शेणखत भरपूर घालतात. माझी माती काळी, चिकट. रोज पाणी दिल्यावर मेथी पिवळी पडली, मुळं कुजली. त्यात मावा येऊ नये म्हणून मी दोन घमेली राख ओतली! काळी माती मुळातच थोडी खारवट अंगाची, राखेनं ती आणखी बिघडली. आता मी गादीवाफे करते, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच, शेणखत आणि थोडी वाळू मिसळून. पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही मातीची मूठ वळून पाहिल्यावर. गोळा होऊन तसाच राहिला तर त्या दिवशी पाणी नाही. माव्यावर चिमूटभर राख पानांवर भुरभुरवते, तेवढीच.

तुमच्याकडे वाफ्याला जागा नसेल, तर दक्षिणेचं ऊन येणारी गॅलरी बघा. तेलाच्या जुन्या डब्याला खाली भोकं पाडून मेथी, लसूण सहज होतात. भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे झालं.

परवा शिरूरहून येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर सासूबाईंनी चाकवताच्या बियांची पुडी पाठवली. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "काळ्या मातीला वरवर टाक. खोल पुरू नकोस. पाणी कमी." आज सकाळीच टाकलंय. अजून वर काही दिसत नाही, पण वाफा मी उकरलेला नाही.