ऊन समोर घेऊन

काळ नदीकाठी, जानेवारी. तंबूमागच्या ओल्या मातीतून गांडुळं काढून डब्यात भरली, पण गळ कुठे टाकायचा हे ठरवण्यात सकाळचा तास गेला.

वाळणकोंडीच्या डोहात महासीर भरपूर. पण ते वरदायिनी देवीचे मासे; गावकरी त्यांना खाऊ घालतात, धरत नाहीत. काल तिथे चुरमुरे टाकले तेव्हा काळसर पाठी एकमेकींवर चढत वर आल्या, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. तिथे गळ नेणं माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून मुक्काम बराच खाली, ओढ्याच्या तोंडाशी.

धार खडकावर आपटून वळते, त्याच्या आडोशाला पाणी संथ असतं. मासा तिथे दम खात उभा राहतो आणि धारेतून वाहत येणारं खाणं टिपतो. ऊन पाठीशी असलं की आपली सावली पाण्यात पडते, म्हणून ते तोंडावर घेऊन बसलो. दोरीवरचं तरंगतं भेंड दोनदा थरथरलं, मग तिरकं आत गेलं.

वीतभर शिंगटा! कल्ल्यांमागचे काटे ताठ, अंगातून करकर आवाज. ओल्या फडक्यात धरून गळ सोडवला, त्याला पाण्यात सोडलं. गळाला नवं गांडूळ लावलं, भेंड जरा वर सरकवलं.