काकांची शेतावरची बॅटरी

मंडळी, इथे मिशिगनमध्ये मी नेमकं करतो काय, हा प्रश्न गावाकडच्या फोनवर हटकून येतो. "बॅटरीचं काम" म्हटलं की काका लगेच, "मग आपल्या शेतावर कधी लावायची?"

आमची बॅटरी म्हणजे दोन टाक्या, दोन पंप आणि मधे एक पडदा. वीज असते टाकीतल्या द्रावणात. जास्त साठवायची तर टाकी मोठी घ्यायची, बस्स! पाण्यात व्हॅनेडियमचे क्षार घालून अशी बॅटरी मारिया स्कायलास-काझाकोस यांनी १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात केली. ती आज बाजारात आहे. पण १.२३ व्होल्टच्या वर तत्त्वतः पाणीच फुटू लागतं. व्यवहारात थोडं ताणता येतं, पण थोडंच.

म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये पाणीच काढून टाकलं. त्याऐवजी ॲसिटोनायट्राइल घेतलं आणि व्हॅनेडियमला ॲसिटिलॲसिटोन नावाच्या डायकीटोनची जोड दिली. याच्या प्रत्येक रेणूत दोन ऑक्सिजन. असे तीन रेणू धातूला सहा बाजूंनी पकडतात, अगदी खेकड्याने नांगीत धरावं तसं. (अशा पकडीला 'चिलेट' म्हणतात, तो शब्दही नांगीच्या ग्रीक शब्दावरून आलाय.) या पकडीतला व्हॅनेडियम एक इलेक्ट्रॉन घेतो, आणि एक देतोही. दोन्हींतलं अंतर सुमारे २.२ व्होल्ट!

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट व्होल्टेज नव्हे. दोन्ही टाक्यांत सुरुवातीला एकच पदार्थ असतो. पडद्यातून थोडा इकडचा तिकडे गेला तर तेवढी वीज वाया जाते, माल नासत नाही. काय सोय आहे बघा.

पण ओल आणि हवा! आपल्याकडे आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेवढी ओल तर फारच झाली. किंचित पाणी किंवा ऑक्सिजन शिरला तरी व्हॅनेडियम ऑक्सिजनला धरून बसतो आणि निळसर-हिरवं व्हॅनेडिल संयुग तयार होतं. आलेखावर नको तिथे नवा उंचवटा दिसला की समजायचं, कुठेतरी गळतंय. म्हणून सगळं काम आर्गॉन भरलेल्या बंद पेटीत, कोपरापर्यंतच्या रबरी हातमोज्यांतून. खाज आली तरी नाक खाजवता येत नाही.

शिवाय ते विरघळतं कमी, लिटरमागे ०.६ मोलच्या आसपास. पाण्यातल्या बॅटरीत १.६ सहज जातं. म्हणजे व्होल्टेजमध्ये कमावलं ते पातळ द्रावणात गेलं. आणि ॲसिटोनायट्राइल पेट घेतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ते भरलेली टाकी मी तरी ठेवणार नाही.

काकांना सरळ सांगितलं, लावायची तर पाण्यातलीच लावा.

"मग तू तिथे काय करतोस रे?"

नांग्या बदलून बघतो, काका. टोकाचे मिथिल गट काढून दुसरे लावले की विद्राव्यता बदलते, फ्लोरिनवाले लावले तर व्होल्टेजही सरकतं. या आठवड्यात चौथा नमुना पेटीत आहे.