फरक : निरंक

ज्या माणसाला स्वतःच्या पासबुकातली बेरीज जमत नाही, तो माणूससुद्धा दुसऱ्याच्या शतकातल्या उणिवा बिनचूक काढू शकतो. बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं बसून मी काढलेला हा निष्कर्ष आहे. पैसे भरण्याच्या स्लिपवर रक्कम अक्षरी लिहिताना ज्यांचा हात थरथरतो, ते गृहस्थ त्याच हाताने मला कव्हर ड्राइव्ह कसा मारायला हवा होता ते दाखवतात. काचेपलीकडून दाखवतात म्हणून बरं. नाहीतर एखाद्या दिवशी माझा चष्मा सीमापार गेला असता.

कसोटी सामना संपला की आपल्याकडे खरा खेळ सुरू होतो, तो म्हणजे मार्क देण्याचा. याला दहापैकी आठ, त्याला पाच, त्या तिसऱ्याला संघातूनच काढा. वर्तमानपत्रं मार्क देतात, पानवाला देतो, लिफ्टमधले अनोळखी लोक देतात. आमचं कुटुंबही देतं. तिचे निकष मात्र निराळे असतात. "तो बिचारा उन्हात केवढा वेळ उभा होता, आणि तुम्हाला म्हटलं जरा गॅसच्या रांगेत उभे राहा, तर..." असं काहीतरी त्या मूल्यमापनात कायम असतं.

मला या विषयात रस आहे तो दुहेरी. एक म्हणजे मला क्रिकेट आवडतं. दुसरं म्हणजे, मी बँकेत आहे आणि आमच्याकडेही दर मार्चमध्ये माणसांना मार्क देतात. त्या फॉर्मवर भरपूर रकाने असतात. ठेवी किती आणल्या, विम्याच्या पॉलिसी किती विकल्या, कार्डं किती खपवली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे रकाना या वस्तूबद्दल मला जन्मजात आदर आहे. पण एवढ्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. जे काम चोख होतं, त्याला रकानाच नसतो. कॅशियर दिवसभर लाखो रुपये घेतो, देतो, मोजतो आणि संध्याकाळी रोकड जुळवून लिहितो, 'फरक : निरंक'. दिवसभराच्या कमाईला शून्य! दहा रुपये कमी आले असते, तर सगळी शाखा त्याच्याभोवती जमली असती. बरोबर जुळले म्हणून कोणी टाळी वाजवत नाही. लोक डबे उचलतात आणि लोकल गाठतात.

क्रिकेटमध्ये अशी माणसं पूर्वीपासून आहेत. आपले नाशिकचे बापू नाडकर्णी घ्या. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ३२ षटकं टाकली. त्यातली २७ निर्धाव, दिलेल्या धावा ५. लागोपाठ २१ षटकं निर्धाव! आणि विकेट? शून्य. आता हा फॉर्म भरा. 'विकेट' या रकान्यात भोपळा. आमच्या प्रादेशिक कार्यालयाने त्यांना 'सुधारणेस वाव आहे' असा शेरा दिला असता आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं असतं. बापू म्हणे सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणं ठेवून नेमका त्यावर टप्पा टाकत. एका नाण्याचा इतका चोख हिशेब कुठल्याही बँकेने ठेवलेला नाही.

म्हणजे संथ खेळलं की थोर झालं, असं मात्र नव्हे. ७ जून १९७५ ला लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या आणि आपल्या सुनील गावसकरांनी पूर्ण ६० षटकं खेळून काढली. १७४ चेंडूंत नाबाद ३६. आपण ३ बाद १३२ वर थांबलो. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण आमच्या वडिलांनी तो राग इतक्या मायेने जपून ठेवला होता, की घराबरोबर तोही वारसाहक्काने मला मिळाला. तात्पर्य काय, तर बँकेत जे जमाखर्चाचं, तेच क्रिकेटचं. आकडा तोच, पण तो जमेच्या बाजूला लिहायचा की नावे, हे कुठलं खातं उघडलंय त्यावर ठरतं. जिंकायला निघालेल्या खात्यात नाबाद ३६ म्हणजे नावे. आणि वाचवायला निघालेल्या खात्यात नाबाद २३?

तर आता सिडनीकडे वळू.

११ जानेवारी २०२१, सोमवार. सिडनी कसोटीचा पाचवा दिवस. आपल्याला हव्या होत्या ४०७ धावा, आणि आदल्या दिवशीचा धावफलक होता २ बाद ९८. खेळ आपल्या घड्याळात पहाटे पाचला सुरू व्हायचा. एरवी ज्यांना दूधवाल्याची बेल ऐकू येत नाही, असे आमच्या सोसायटीतले अनेक पुरुष त्या दिवशी पावणेपाचला दात घासत होते. तीनच आठवड्यांपूर्वी ॲडलेडला आपण अख्खा संघ मिळून ३६ धावा केल्या होत्या, त्यामुळे सामना जेवणापर्यंत संपेल आणि निवांत कामाला जाता येईल, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. दुसऱ्याच षटकात कर्णधार अजिंक्य रहाणे ४ धावांवर गेला, तेव्हा मी आंघोळीचं पाणी काढायला सांगितलंसुद्धा.

बँकेत पोचलो तेव्हा शाखेत दोनच प्रकारची माणसं होती. स्कोअर विचारणारी आणि स्कोअर सांगणारी. साहेबांनी मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा आदेश काढला होता. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येकाला ड्रॉवरमध्ये काही ना काही शोधावं लागत होतं. साहेबांना सर्वांत जास्त.

ऋषभ पंतने तोवर धमाल केली होती. पहिल्या डावात कोपरावर चेंडू बसला म्हणून दुसऱ्या डावात त्याच्याऐवजी साहा यष्टीमागे उभा राहिलेला. असा हा जायबंदी माणूस ११८ चेंडूंत ९७ काढून बाद झाला. दुसऱ्या टोकाला पुजारा, २०५ चेंडूंत ७७. दोघांनी मिळून १४८ जोडल्या. पुजारा गेला तेव्हा ५ बाद २७२. हनुमा विहारीच्या मांडीचा स्नायू एक धाव पळताना दुखावला होता. त्याला पळणं सोडा, चालणंही जड जात होतं. जोडीला आला अश्विन, ज्याची पाठ इतकी धरली होती की त्या सकाळी वाकून बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. आत रवींद्र जडेजा अंगठा मोडलेल्या हातानिशी पॅड बांधून बसलेला. ऑस्ट्रेलियाकडे चार जगप्रसिद्ध गोलंदाज, आणि आपल्याकडे हा सरकारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग.

चहाच्या वेळी आमच्या शाखेत मूल्यमापन समिती बसली. "हा काय खेळ म्हणायचा?" साहेब म्हणाले. "शंभर चेंडूंत सात धावा! दहापैकी दोन. तेसुद्धा हजेरीचे." आमचा तरुण सहकारी, ज्याला आम्ही सगळे बंड्या म्हणतो, म्हणाला, "साहेब, पंत असता तर आत्तापर्यंत जिंकलो असतो." त्या वर्षी बंड्याने विम्याच्या एक्केचाळीस पॉलिसी विकल्या होत्या, तेव्हा त्याला पंत जवळचा वाटणं साहजिकच होतं.

एकट्या आमच्या साहेबांना कशाला दोष द्या? त्या वेळच्या एका केंद्रीय मंत्र्यांनीही १०९ चेंडूंत ७ धावा म्हणजे क्रिकेटचा खूनच, अशा अर्थाचं जाहीरपणे लिहिलं. लिहिताना विहारीचं 'बिहारी' झालं. विहारीने नंतर उत्तर दिलं ते काय, तर स्वतःचं नाव तेवढं शुद्ध करून लिहिलं, बस्स. मला हे उत्तर अत्यंत आवडलं. आमच्याकडे नावात एका अक्षराचा फरक असला तरी आम्ही चेक परत पाठवतो. कितीचा आहे ते बघत नाही.

बेचाळीसहून जास्त षटकं ती जोडी उभी राहिली. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. धावफलक ५ बाद ३३४, सामना अनिर्णित.

आता मार्क द्यायला बसा बरं. पंतला द्या नऊ. पण त्याचा ३ धावांवर आणि पुन्हा पन्नाशीनंतर असा दोनदा झेल सुटला. सोडणारा एकच, त्यांचा कर्णधार टिम पेन. विहारीचाही शेवटी त्यानेच सोडला. मग पंतच्या नवातले काही मार्क पेनच्या खात्यातून वळते करायचे का? रहाणेच्या नावावर धावा ४. पण आमच्या संगमनेर तालुक्यातल्या या माणसाने विहारीच्या आधी पंतला पाचव्या क्रमांकावर पाठवलं, आणि सामना फिरला तो तिथून. हा निर्णय कुठल्या रकान्यात घालायचा? जडेजाने तर त्या डावात एकही चेंडू न खेळता जी बॅटिंग केली, ती खुर्चीत बसून केली. तो पॅड बांधून बसलाय एवढं आतल्या दोघांना ठाऊक होतं. आमच्या भाषेत याला 'जामीन' म्हणतात. जामीनदाराला सहसा पैसे भरावे लागत नाहीत, पण त्याच्या सहीशिवाय कर्जही मिळत नाही.

आणि विहारीचे ते २३? त्यांची किंमत त्या दिवशी लागलीच नाही. पुढच्या आठवड्यात, १९ जानेवारीला, ब्रिस्बेनला आपण ३२८ धावांचं आव्हान पार केलं. गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरली नव्हती, ती हरली. पंत नाबाद ८९. मालिका २-१ अशी आपली. पण ती २-१ झाली ती सिडनीला हरलो नाही म्हणून. हरलो असतो तर २-२. ट्रॉफी आधीच्या विजेत्याकडे म्हणून तशीही आपल्याचकडे राहिली असती, पण जिंकून आणण्यात आणि ठेवून घेण्यात मुदत ठेव आणि चालू खात्याइतका फरक आहे. म्हणजे सिडनीची ती शिल्लक पुढच्या पानावर ओढली गेली होती. आणि ती वटली त्या दिवशी मैदानात विहारी नव्हता, अश्विन नव्हता, जडेजाही नव्हता.

त्या मार्चमध्ये आमच्या शाखेतून 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून एका नावाची शिफारस जायची होती. शुद्धलेखन बरं म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. एक नाव अर्थात बंड्याचं. दुसरं मी सुचवलं. आमचे हेड कॅशियर, सगळी शाखा ज्यांना अण्णा म्हणते. अण्णा त्याच ३१ मार्चला निवृत्त होणार होते. पस्तीस वर्षं एकाच खिडकीत. पॉलिसी शून्य, कार्डं शून्य. पण फाटकी नोट घेऊन आलेल्या भाजीवालीला त्यांनी कधी 'उद्या या' म्हटलं नाही. पेन्शनच्या तारखेला म्हातारी माणसं दुसरी खिडकी मोकळी असली तरी त्यांच्याच रांगेत उभी राहायची.

साहेब म्हणाले, "अहो, पण विशेष कामगिरी काय लिहिणार?"

मी म्हटलं, "साहेब, सिडनी."

साहेब जरा वेळ ड्रॉवरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिहा."

मी लिहिलं. आठ दिवसांत प्रादेशिक कार्यालयातून कागद परत आला. 'कृपया कामगिरीचे आकडे द्यावेत.' मी आकडा दिला : 'फरक ०.००'. तो कागद काही परत आला नाही. प्रशस्तिपत्र आलं ते बंड्याच्या नावाचं.

निरोप समारंभात तोंडाला मास्क लावून सहा-सहा फुटांवर आम्ही उभे होतो. बंड्या बोलायला उठला आणि म्हणाला, "माझ्या एक्केचाळीस पॉलिसीतल्या तीसेक तरी अण्णांच्या रांगेतल्या आहेत. माणसं माझं ऐकून घ्यायची आणि जाऊन अण्णांना विचारायची, 'घेऊ का हो?' ज्याला हप्ता झेपेल त्याला अण्णा मान हलवायचे. ज्याला झेपणार नाही त्याला म्हणायचे, 'घरी विचारून या.' म्हणून माझी एकही पॉलिसी बंद पडली नाही." पुढे त्याला बोलता येईना. चष्म्यावर वाफ आली म्हणाला. मास्कमुळे येते तशी.

मला वाटलं, अण्णांना वाईट वाटलं असेल. म्हणून समारंभ संपल्यावर त्यांच्या पिंजऱ्याशी जाऊन मी त्यांना विहारीची सगळी कथा सांगितली. अण्णांना क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नाही. ते नोटांच्या शेवटच्या गड्डीला पट्टी लावत ऐकत होते.

"किती वाजेपर्यंत होता तो?" त्यांनी विचारलं.

"खेळ संपेपर्यंत, अण्णा."

"कमी-जास्त काही निघालं का?"

"नाही."

"मग त्यात सांगायचं काय एवढं?" अण्णा म्हणाले, आणि तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीसाठी त्यांनी साहेबांना हाक मारली.