मामाची फिरती डिश

आमच्या मामाच्या सांगलीच्या घरावर आठ फुटी जाळीची डिश आहे. लहानपणी आम्ही भावंडं तिला 'कढई' म्हणायचो. मामाचा केबलचा धंदा 1992 सालचा. तेव्हा 105.5 अंश पूर्वेच्या एशियासॅट-1 या उपग्रहावरून स्टार आणि झी यायचं, आणि ते दाखवणारा माणूस म्हणून मामाला गल्लीत डॉक्टरच्या खालोखाल मान होता. पुढे केबल डिजिटल झाली, आणि 2016 साली मामाने आपली लाईन एका मोठ्या ऑपरेटरला देऊन टाकली. पाच डिशींपैकी चार किलोवर गेल्या. पाचवी तेवढी राहिली.

गेल्या डिसेंबरात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला आणि मामीने फर्मान काढलं, "अहो, ती कढई काढा आता. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय." मी नुकतीच टी.ई.ची परीक्षा देऊन सुट्टीला गेले होते. मामा काही बोलला नाही. जेवण झाल्यावर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "अगं, तुमच्यात अँटेना शिकवतात न्हवं? मग हिला मोटर लावून दे की."

आता यातली गंमत बघा. पंचवीस वर्षं डिश लावणाऱ्या या माणसाने फिरती डिश कधीच लावली नव्हती, कारण केबलवाल्याला तिचा उपयोग शून्य. गिऱ्हाइकांना सगळे चॅनेल एकाच वेळी हवेत, म्हणून जितके उपग्रह तितक्या डिशी. डिश फिरवायची ती हौशी माणसाने. मामाला आता कुठे हौस करायला वेळ मिळाला होता, आणि नेमका रविवार आडवा आला. शेवटी मामीशी तह झाला. शनिवार रात्रीपर्यंत 68.5, 83, 93.5 आणि 105.5 असे चार उपग्रह एकाच डिशवर दिसले तर कढई राहणार, नाहीतर भंगार.

सामान फार नव्हतं. 36 व्होल्टचा जुना अ‍ॅक्च्युएटर मामाने मित्राकडून आणला. हा म्हणजे मोटरने लांब-आखूड होणारा दांडा. आत एक रीड स्विच असतो, तो फिरणाऱ्या चुंबकाचे फेरे मोजतो, म्हणून दांडा किती बाहेर आलाय हे कळतं. रिसीव्हरचा हुकूम (डायसेक 1.2) समजून अ‍ॅक्च्युएटरला वीज देणारा व्ही-बॉक्स, मामाचाच जुना सी-बँड एलएनबी, आणि ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतलेला पोलर माउंट. बस्स.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, डिश डावी-उजवीकडे फिरवायची. मलाही तसंच वाटायचं, पण कागदावर गणित मांडलं आणि डोळे उघडले. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर. सांगलीहून पाहिलं तर त्यांची एक कमान दिसते. तिचा माथा 75 अंश पूर्वेच्या आसपास, म्हणजे आपल्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आणि तब्बल 70 अंश उंच. 105.5 मात्र आग्नेयेच्याही पूर्वेला, 50 अंशांवर उतरलेला. 68.5 पासून 105.5 पर्यंत जायला दिशा 84 अंशांनी बदलते आणि उंची 19 अंशांनी. दोन्ही एकदम बदलणार, म्हणजे दोन मोटरी?

नाही. इथेच पोलर माउंटची कमाल आहे. फिरण्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा, म्हणजे उत्तरेकडे जमिनीपासून आपल्या अक्षांशाइतका, सांगलीला 16.85 अंश, उचलायचा. मग डिश त्या आसाभोवती नुसती 43 अंश फिरली की 84 अंशांची दिशा आणि 19 अंशांची उंची आपोआप सांभाळली जाते. फक्त डिशला अजून 2.9 अंश दक्षिणेकडे वाकवावं लागतं, कारण आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला आहोत आणि उपग्रह काही ताऱ्यांइतके लांब नाहीत. हे मी मामाला ताटली आणि लाटणं घेऊन समजावलं. त्याने दोन मिनिटं ताटली फिरवून पाहिली आणि म्हणाला, "म्हंजे डिश पृथ्वीसारखी फिरवायची." आमच्या सरांनी दोन लेक्चरं घेतली होती यावर!

दक्षिण शोधणं हा वेगळाच तमाशा. स्लॅबमध्ये सळ्या, वर लोखंडी पाईप, त्यामुळे मोबाईलचा कंपास पावलागणिक मत बदलत होता. मग सूर्याला विचारलं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि सांगली 74.58 वर, म्हणून आपला खरा मध्यान्ह साधारण 32 मिनिटं उशिरा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य घड्याळाशी जवळजवळ जुळलेला असतो. 26 तारखेला बरोबर 12 वाजून 32 मिनिटांनी टांगलेल्या दोरीची सावली पडली, त्यावर मामाने खडूने रेघ मारली. ती आमची उत्तर-दक्षिण.

शुक्रवारी डिश चढली. 68.5 आलं. 83 थोडं कमी, पण आलं. 93.5 अडखळत. 105.5 वर मीटर शून्य. आठ फुटी डिशला सी-बँडवर जेमतेम दोन अंशांची नजर असते, त्यामुळे अंशभर चुकलं की आवाज बंद. मामाने काही न बोलता मागून डिशची खालची कड जरा पुढे रेटली, आणि मीटर हलला! म्हणजे पूर्वेला डिश खाली बघत होती. दक्षिणेला ठीक, आणि पूर्वेकडे जाऊ तशी चूक वाढणारी.

"मामा, पाईप सरळ आहे का?"

मामाचा चेहरा उतरला. तो पाईप त्याने स्वतः उभा केलेला, 1998 साली. शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. पाच फुटांत दीड इंच, पूर्वेकडे झुकलेला.

खरं तर यात मामाचं काही चुकलं नव्हतं. एकाच उपग्रहाकडे बघणाऱ्या डिशला पाईप थोडा तिरका असला तरी काही फरक पडत नाही. टीव्हीत बघत बघत डिश हलवायची, चित्र स्वच्छ झालं की नट आवळायचे. पाईपचा तिरकेपणा त्या आवळण्यात जिरून जातो. डिश फिरायला लागली की मात्र तो पाईप प्रत्येक उपग्रहाला वेगळं खोटं सांगतो. मी हे सांगितल्यावर मामा बराच वेळ पाईपकडे बघत बसला. मग हसला, "इतकी वर्षं पाईप वाकडा, आन् सगळ्या गल्लीला चित्र सरळ!"

बेसप्लेटच्या पूर्वेच्या बोल्टखाली तीन वॉशर सारले, ओळंबा चारही बाजूंनी धरला, दक्षिण परत खडूच्या रेघेला जुळवली. त्या रात्री थंडीत मामा मफलर बांधून गच्चीवर, मी खाली रिसीव्हरपाशी आणि मधे जिन्यावर मामेभाऊ. "वाढलं!" "कमी झालं!" "परत घे!" असा आरडाओरडा शनिवारीही चालू होता. साडेनऊच्या सुमारास 105.5 ला मीटर एकदम वर चढला. मामीला बोलावलं. तिने चारही उपग्रह रांगेत फिरवून घेतले, प्रत्येक वेळी बाहेर डिश कुरकुरत फिरल्याचा आवाज ऐकला आणि विचारलं, "यात मराठी कायच न्हाई का?" मग 93.5 वर सह्याद्री लावून दिलं. रविवारी भंगारवाला चहा पिऊन परत गेला. वॉटरप्रूफिंग पाईपच्या भोवतीने झालं.

मी कॉलेजला परत आले. निघताना मामाला एक तारीख देऊन आले होते: 13 मार्च. त्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या 2.9 अंश खाली असतो, म्हणजे आपल्याला तो उपग्रहांच्याच कमानीवरून जाताना दिसतो. एकेका उपग्रहाच्या पाठीमागे तो आला की काही मिनिटं सिग्नल बुडतो, आणि डिश बरोबर रोखलेली असेल तर एलएनबीची सावली तिच्या मध्यावर पडते. 105.5 ला 10 वाजून 18, 93.5 ला 11 वाजून 13, 68.5 ला दुपारी 1 वाजून 9, अशा वेळा मी काढून दिल्या होत्या.

त्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना मामाचे तीन फोटो आले. पहिल्या दोनांत सावली अगदी मधोमध, कढईत ठेवलेल्या पुरीसारखी. तिसऱ्यात बोटभर खाली. त्याखाली मामाचा मेसेज: "68.5 ला अजून थोडं हाय. सुट्टीला येताना लहान वॉशर आण."