कबर नसलेले हाजी

आमच्या लोणी देवकरचा समुद्राशी काही संबंध नाही. आमचे पाणी उजनीचे, तेही 1980 साली भीमेवरचे धरण पुरे झाल्यावर आलेले. तरी आमच्या घरातला एक माणूस समुद्रात आहे.

आजोबा 1968 साली हजला गेले. भिगवण स्टेशनपर्यंत अर्धा गाव पोहोचवायला आला होता. गळ्यातले हार आमच्यापेक्षा मराठ्या-धनगरांच्या घरचेच जास्त. मुंबईत साबूसिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनची 'मोहम्मदी' बोट. हज झाला. परतीच्या वाटेवर ताप भरला आणि बोटीवरच इंतकाल झाला. गुसल, कफन, जनाज्याची नमाज, सगळे रीतसर करून मयत समुद्रात सोडली. घरी आली ती सोबतच्या हाजींनी आणलेली पत्र्याची पेटी. तीत खजूर, तस्बीह आणि झाळून बंद केलेला झमझमचा डबा. दादीने तो डबा मरेपर्यंत फोडू दिला नाही. तिच्या शेवटच्या घटकेला अब्बांनी त्यातलेच पाणी तिच्या तोंडात घातले.

अब्बा तेव्हा दहा वर्षांचे होते. शब-ए-बारातला लोक आपापल्या माणसांच्या कबरींपाशी उभे राहत; अब्बा कब्रस्तानाच्या दारातच हात उचलून माघारी फिरत.

गेल्या हिवाळ्यात नातवंडांच्या हट्टापायी आम्ही सगळे मुंबईला गेलो. बॅलार्ड इस्टेटमध्ये 1920 सालचे बॅलार्ड बंदर गेटहाऊस आहे. त्या वास्तूत नौदलाने सागरी संग्रहालय केले आहे. पोरे काचेला नाक लावून जहाजांच्या प्रतिकृती पाहू लागली. अब्बा एका बोटीपाशी थांबले ते थांबलेच. ती काही हाजींची बोट नव्हती. मोगल लाइन 1986 साली शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि हाजींचा समुद्रमार्ग 1995 साली बंद पडला, हे आम्ही त्यांना सांगत होतो. त्यांचे लक्ष नव्हते. बोटीच्या कठड्याकडे पाहत त्यांनी हळूच विचारले,

"कुठल्या बाजूने सोडत असतील रे?"

आम्ही दोघे भाऊ गप्प. घरात हा विषय कधी निघालाच नव्हता. शेवटी धाकटा म्हणाला, "किबला असेल त्या बाजूने, अब्बा." त्यांनी मान हलवली. पटले की आमची समजूत काढली, कोण जाणे.

परतताना भिगवण मागे पडले तशी अब्बांनी गाडी थांबवायला सांगितली. अंधार पडला होता. उजनीच्या पाण्याकडे तोंड करून ते बराच वेळ उभे राहिले, ओठ हलत होते. मग हात तोंडावरून फिरवून गाडीत येऊन बसले आणि पोरांना म्हणाले, "भुका लागल्या का रे?"