आधी ऐकून घ्यावे

बंद पडलेल्या मोटारीभोवती जमलेल्या माणसांइतकी उदार माणसे जगात दुसरीकडे सापडायची नाहीत. एरवी काडेपेटीतली एक काडी मागितली तर खिसे चाचपून पाहणारे सद्‌गृहस्थ अशा वेळी सल्ल्यांची खैरात करू लागतात. “बॅटरी बसली,” एक म्हणतो. “छे, छे, स्टार्टर जळाला,” दुसरा त्याला उडवून लावतो. तिसरा काहीच बोलत नाही. तो सरळ मागे जाऊन धक्का मारायला लागतो. या तिघांत मला तिसराच जास्त आवडतो. पण मोटारीला काय झाले आहे हे त्यालाही ठाऊक नसते.

आमच्या उमापुरात तर ‘स्टार्टर’ हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अर्थात आमच्याकडे स्टार्टर म्हणजे विहिरीवरची लोखंडी पेटी आणि तिच्यावरची हिरवी-तांबडी बटणे. हिरवे दाबले की पाणी, तांबडे दाबले की झोप! मोटारीतला स्टार्टर मात्र निराळा. ती स्वतःच एक छोटी विजेची मोटार असते. इंजिनाला पहिली गिरकी द्यायची आणि बाजूला व्हायचे, एवढेच तिचे काम. पूर्वी हे काम माणसाचा दंड करी. पुढे हँडल घालून ते फिरवायचे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट गमवायचे. जुने ड्रायव्हर हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवीत, पलीकडून वळवीत नसत, ते एवढ्यासाठीच. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियराने १९११ साली विजेचा स्टार्टर बनवला, १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला, आणि कितीतरी मनगटे वाचली.

हा स्टार्टर रुसला की त्याचे रुसणे एकाच तऱ्हेचे नसते. आमच्या घरातल्या माणसांसारख्या त्याच्याही तऱ्हा आहेत. एक अगदी मुका होतो. दिवे लख्ख लागतात, पण किल्ली फिरवली तरी ‘टक’ असा आवाजसुद्धा नाही. तिथे किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक तार पाहावी. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत सोलेनॉइडवर रबरी टोपीखाली एक बटण असते. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना एवढे पाहून ते अंगठ्याने दाबावे. स्टार्टर फिरला, तर तो बिचारा निर्दोष आहे. दुसरा नुसताच गरगर फिरतो आणि इंजिन मात्र ढिम्म. त्याचे दातेरी चाक मळाने दांड्यावर चिकटलेले असते. ते रॉकेलने धुवावे. प्रेमाने तेल घालायला जाल तर त्यावर धूळ बसून दुखणे दुप्पट होईल. तिसरा ‘ठक्’ म्हणतो आणि दाते रुतवून बसतो. गाडी गिअरमध्ये घालून जरा मागेपुढे हलवली की सुटतो. चौथ्याच्या वेळी दिवे पार मंदावतात. त्याची तक्रार बहुधा बॅटरीची किंवा तिच्या टोकांवर साठलेल्या पांढऱ्या बुरशीची असते.

हे सगळे ऐकून आणि पाहून कळते. त्यासाठी पान्हा लागत नाही. पण आपल्याला पान्हा हातात घ्यायची केवढी घाई!

माझ्या मामांची स्टँडर्ड हेराल्ड अशाच घाईत भंगारात निघाली होती. ट्रायम्फ हेराल्ड ही मूळची ब्रिटिश गाडी. मिकेलॉटी या इटालियन कलावंताने तिचे रूप आखले. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून आपल्याकडे बनवली. तिचाच सांगाडा आखूड करून इंग्लंडात १९६२ साली स्पिटफायर नावाची खेळकर, उघडी स्पोर्ट्स गाडी निघाली. म्हणजे आमची हेराल्ड त्या नखरेल गाडीची थोरली, संसारी बहीण. तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला कलंडते आणि सारे इंजिन उघडे पडते. मामा बॉनेट उघडीत तेव्हा आम्ही मुले दत्ताच्या पालखीला जमावे तशी जमत असू. पैठणला नाथांच्या दर्शनाला मामी याच गाडीतून जात.

मामा गेले आणि गाडी वाड्याच्या ढेलजेत उभी राहिली. गेल्या वर्षी दसऱ्याला पूजेसाठी तरी चालू करू म्हणून मुलांनी नवी बॅटरी आणली. गाडी चालू झाली नाही. शहरातून एक मिस्त्री आणला. त्याने दहा मिनिटांत निकाल दिला : स्टार्टर जळाला, इंजिन जाम, सुटे भाग मिळत नाहीत. भंगारवाल्याने वजनावर भाव केला. दिवाळीच्या पाडव्याला तो टेम्पो घेऊन येणार होता.

मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. धनत्रयोदशीला सहज वाड्यावर गेलो आणि गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून ढकलायला लावली. पुढचा पंखा फिरला! म्हणजे इंजिन जाम नव्हते. किल्ली फिरवली. दिवे तसेच लख्ख, नुसता ‘टक’. म्हणजे बॅटरीही ठीक होती. मी विचारात पडलो, तशा मामी उंबऱ्यावरून म्हणाल्या,

“अरे, दसऱ्याला त्या ओढायच्या बटणाला कुंकू लावायला गेले, तर चटका बसला मला. पण माझं कोण ऐकतंय?”

“कोणतं बटण, मामी?”

त्यांनी चोकच्या बटणाकडे बोट दाखवले.

त्या एका वाक्यात सगळे दुखणे होते. इंजिन रबरी पायांवर बसवलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून सांगाड्यापर्यंत एक जाड पट्टी जोडतात. स्टार्टरला लागणारी वीज तिच्यातून परतते. ती पट्टी तुटली की वीज चोर वाट शोधते. चोकच्या बारीक तारेतून जाऊ पाहते आणि तिला तापवते. स्टार्टरची भूक मोठी. वाटेत नुसता ०.०३ ओहमचा अडथळा असला, तरी २०० अँपिअर जाताना ६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारा व्होल्टांतले निम्मे गेले! दिव्यांची भूक लहान आणि वाटही वेगळी, म्हणून ते आपले लख्ख.

खाली वाकून पाहिले. पट्टी गंजून तुटली होती. विहिरीच्या मोटारीची जाड केबल घरात होतीच. तिचा हातभर तुकडा सांगाडा आणि इंजिन यांमध्ये घट्ट आवळला. शिळे पेट्रोल काढून ताजे घातले, कार्ब्युरेटर आणि प्लग साफ केले. तिसऱ्या किल्लीला हेराल्ड खोकली, थरथरली आणि सुरू झाली. ढेलजेतली कबुतरे उडाली. मामेभाऊ म्हणाला, “दादा, आता विकायची नाही!”

मामी मात्र शांतपणे म्हणाल्या, “विका. ढेलजेत उभी करून तिचं काय लोणचं घालायचंय? पण चालती विका, चालवणाऱ्याला विका. वजनावर नाही.”

पाडव्याला टेम्पो रिकामा परतला. पुढे माघात एक हौशी माणूस ती स्वतः चालवत घेऊन गेला. जाण्यापूर्वी त्याने मामींना शेजारी बसवून पैठण दाखवून आणले, ही अट कागदावर नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. मोठ्या घरात काही बिघडले की आपण आधी मोठी शस्त्रे काढतो. कुणाला जळालेला ठरवतो, कुणाला जाम. एखादे माणूस आतून आटले, असा निकाल देऊन मोकळे होतो. पुष्कळदा त्याच्यात काही कमी नसते. आपल्यापर्यंत पोचणारा एक सांधा तेवढा तुटलेला असतो. आणि चटका कुठे बसला हे ज्याला ठाऊक असते, ते माणूस बहुधा उंबऱ्यावरच बसलेले असते. फराळाचे ताट पुढे करताना त्याला एवढेच विचारावे, “तुम्हाला काय वाटतं?” आणि मग आपण जरा गप्प बसावे.