विहंगावलोकन

एम.ए.च्या वर्गात वाङ्मयेतिहासाचा पहिला तास आम्ही वर्षानुवर्षे एकाच शब्दाने सुरू करत आलो आहोत: विहंगावलोकन. विहायस् म्हणजे आकाश, त्यातून जाणारा तो विहंग. त्याच्या दृष्टीने पाहू, असे म्हणून आम्ही पन्नास मिनिटांत ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत येतो. विहंगाला नेमके काय दिसते याची चौकशी करावी, असे मात्र कधी वाटले नाही.

गेल्या जानेवारीत तो योग आला. आमचा एक जुना विद्यार्थी (मराठीत काठावर पास झालेला) कामशेतजवळ पॅरामोटर उडवतो. "सर, नवी विंग आलीय. चार दिवस एकट्याने उडवून पाहिली, आता तुम्ही या." आम्ही गेलो, पण केवळ त्याच्या आग्रहाखातर नव्हे. त्याच मावळात आमची वडिलोपार्जित दीड एकर जमीन होती. २०११ साली ती विकली गेली. दादाला विकायची होती, आम्हांला नव्हती. आम्ही सही केली आणि त्याच्याशी बोलणे सोडले. त्या वाटेला पुन्हा गेलो नव्हतो.

भात काढलेल्या खाचरात त्याने ताडपत्री अंथरून विंग पसरली. दवाने कापड भिजले तर जड होते. कोऱ्या नायलॉनची सळसळ खळीच्या धोतरासारखी होती. बारीक दोऱ्या त्याने एकेक करून बोटांतून सरकवल्या. इतक्या निगुतीने त्याने उत्तरपत्रिका कधी लिहिली नव्हती. विंगच्या पुढच्या कडेला तोंडे असतात. त्यांतून वारा शिरतो, कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख होतो. "थंडीत हवा दाट असते सर, चांगली उचलते. आणि जमीन तापेपर्यंत धक्केही नसतात." तीनचाकी सांगाड्यात आम्ही पुढे, तो मागे, त्याच्या पाठीशी इंजिन. चाके ढेकळांवरून खडखडली आणि एकाएकी ती खडखड थांबली.

पहिली काही मिनिटे अवलोकन वगैरे काही झाले नाही. आम्ही सांगाड्याची नळी घट्ट धरून बसलो होतो. डोळ्यांत पाणी, बोटे बधिर. मग लोहगड-विसापूर दिसले, इंद्रायणी दिसली, चुलींचा धूर वर न चढता एका पातळीत पसरलेला दिसला. आमचे शेत मात्र सापडेना. ज्या बांधावरून आम्ही अंधारातही अनवाणी गेलो असतो, तो बांधच उरला नव्हता. चुना फासलेल्या दगडांचे चौकोन आणि मधून डांबरी रस्ता. अखेर ओढ्याच्या वळणावरून अंदाज बांधला, तेव्हा एका प्लॉटच्या कोपऱ्यात विहिरीचे वाटोळे तोंड दिसले. ती खणायला दादाने कॉलेज सोडले होते. दोन उन्हाळे तो वडिलांबरोबर त्या खड्ड्यात उतरत होता, आणि आम्ही त्याच सुट्यांत ओसरीवर बसून कादंबऱ्या वाचत होतो. जमिनीवर असताना, सही करताना, हे आम्हांला आठवले नव्हते.

"सर, अजून एक फेरी मारू?" मान हलवली. तीन फेऱ्या झाल्या.

खाली उतरल्यावर, तो विंगची घडी घालत असताना, आम्ही दादाला फोन लावला. विहीर अजून आहे, एवढेच सांगितले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाणी आहे का रे तिच्यात?"

तेवढे वरून कळले नव्हते. येत्या रविवारी दोघे जाणार आहोत.